देवाचे उपकार आठवायचे कसे? यहुदी सण आणि ख्रिस्ती उपासना, अगदी नवीन माणसासाठी

प्रार्थनेला बसलं की "देवा, तुझे आभार" इथपर्यंत सगळेच येतात, पुढे काय म्हणायचं ते सुचत नाही आणि मग लगेच मागण्यांची यादी सुरू होते. नुकतेच विश्वासात आलेले असोत, की नुसत्या कुतूहलानं बायबल हातात घेतलेले, बऱ्याच जणांची अडचण हीच असते की आभार मानावेसे मनातून वाटतच नाही, मग खोटं खोटं कसं म्हणायचं.

माझं सरळ मत सांगतो, वाटायची वाट बघत बसू नका. बायबलमध्ये आभार सुरू होतात ते आठवणीपासून, आणि ही आठवण कुणाच्या मूडवर सोडलेली नाहीये, तिला तारीख लावून दिलीय, जेवण लावून दिलंय, गाणी दिलीत, एवढंच काय पोरांनी कुठला प्रश्न विचारायचा तेही दिलंय. यहुदी लोकांचे सण हे सगळं सांभाळून आहेत आणि ख्रिस्ती उपासना त्याच मुळातून वर आलीय. खाली जे लिहितोय ते क्रमानं करा, सगळं एका महिन्यात उरकायला जाऊ नका, वर्ष लागलं तरी चालेल.

पायरी 1: आधी टोपलीवाला उतारा वाचा

सणांची यादी हवी तर बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात (लेवीय 23) आहे, पण माझा सल्ला ऐकाल तर सुरुवात अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायातल्या पहिल्या 11 ओव्यांपासून करा. तिथं काय आहे बघा, शेतकरी आपल्या पहिल्या पिकातलं थोडं टोपलीत घालून याजकाकडे नेतो आणि तिथं उभा राहून मोठ्यानं बोलतो. तो "थँक्यू देवा" म्हणून मोकळा होत नाही. तो म्हणतो माझा पूर्वज एक भटका अरामी होता, तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये गेला, तिथं मिसरी लोकांनी आम्हाला छळलं, आम्ही परमेश्वराला हाक मारली, त्यानं आम्हाला बाहेर काढलं, हा देश दिला, आणि आता बघ, तू मला दिलेल्या जमिनीतलं हे पहिलं पीक मी घेऊन आलोय.

हे वाचताना एक गोष्ट सुटू देऊ नका, सुरुवात "तो" ने होते, मध्ये "आम्ही" येतं आणि शेवटी "मी". ज्यानं मिसर देश डोळ्यानं बघितलाही नाही तो शेतकरी "आम्हाला छळलं" म्हणतो! आणि अकराव्या ओवीत सांगितलंय की आता लेवी, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या वंशातला माणूस, आणि तुमच्यात राहणारा परका यांना सोबत घेऊन आनंद करा.

म्हणजे आभाराचे चार भाग झाले, आम्ही कुठून आलो, देवानं काय केलं, आज हातात काय आहे, आणि ते कुणाबरोबर वाटणार. मी याला टोपलीचा नमुना म्हणतो आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये हाच वापरायचाय. एक वही घ्या आणि स्वतःबद्दल या चार भागांत सहा-सात वाक्यं लिहून बघा. "आरोग्य दिलं, कुटुंब दिलं" असलं गुळगुळीत नको, कुठली रात्र, कुठला माणूस, कुठला कागद हातात आला ते लिहा.

त्याच पुस्तकाचा आठवा अध्यायही वाचून ठेवा. तिथं इशारा आहे की पोट भरलं, चांगली घरं बांधली, गुरंढोरं वाढली की मन फुगतं आणि मिसरातून काढणारा देव विसरला जातो. संकटात देव आठवतोच हो, विसरायला होतं ते बरे दिवस आले की. म्हणूनच बहुतेक मोठे सण पीक हातात येण्याच्या वेळेला जोडलेले आहेत.

पायरी 2: वर्षाच्या आधी आठवडा धरा

नवीन लोक एकदम वल्हांडणावर, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणावर, उडी मारतात कारण ते भारी वाटतं. पण लेवीय 23 मध्ये सणांच्या यादीत पहिला नंबर शब्बाथाचा, म्हणजे दर आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचा आहे, आणि ज्याला आठवड्यातून एकदा थांबता येत नाही त्याला वर्षातून एकदाही नीट थांबता येत नाही.

यहुदी घरात शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी अंधार पडून चांदण्या दिसल्या की संपतो. दिवे सूर्यास्ताच्या आधीच लावतात, कारण शब्बाथ लागल्यावर विस्तव पेटवायचा नसतो. मग द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणतात आणि त्यात दोन आठवणी येतात, एक सृष्टीच्या निर्मितीची आणि दुसरी मिसरातून सुटकेची. दोन का, तर दहा आज्ञा दोनदा आल्यात, निर्गम 20 मध्ये शब्बाथाचं कारण दिलंय की देवानं सहा दिवसांत सगळं घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला, आणि अनुवाद 5 मध्ये दिलंय की तू मिसरात गुलाम होतास हे आठव. गुलामाला सुट्टी नसते. सुट्टी घेता येते हीच सुटकेची खूण झाली. टेबलावर दोन भाकरी ठेवतात त्याही उगीच नाही, रानात शुक्रवारी दुप्पट मान्ना, म्हणजे देवानं रोज दिलेलं अन्न, मिळायचा त्याची ती आठवण आहे.

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बहुतेक ठिकाणी हा दिवस रविवार आहे कारण येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी पुन्हा उठला. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्टसारख्या काही मंडळ्या शनिवारच पाळतात. यावर वाद घालायला लोकांना फार आवडतं, तुम्ही नवीन असाल तर त्यात पडू नका, रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात प्रेषित पौलानं म्हटलंय की कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, जो मानतो तो प्रभूसाठी मानतो.

करायचं काय ते आता सांगतो. एक संध्याकाळ ठरवा, दर आठवड्याला तीच. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जेवायच्या आधी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 92 मोठ्यानं वाचा, कारण त्याचं शीर्षकच "शब्बाथ दिवसासाठी गीत" असं आहे आणि सुरुवातच अशी की परमेश्वराचे आभार मानणं चांगलं आहे, सकाळी त्याची दया आणि रात्री त्याचा विश्वासूपणा सांगणं चांगलं आहे. मग टेबलावरच्या प्रत्येकानं गेल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायची, एकच, पण तपशिलासकट. लहान मुलं असतील तर त्यांना आधी बोलू द्या, ती मोठ्यांपेक्षा बरी बोलतात. एकटे राहत असाल तर कुणालातरी जेवायला बोलवा, आणि तेही जमण्यासारखं नसेल तर वहीत लिहा पण मोठ्यानं वाचा. मोठ्यानं यावर माझा जोर आहे कारण मनातल्या मनात केलेले आभार फार लवकर गोल गोल होतात.

पायरी 3: कॅलेंडर समजून घ्या, नाहीतर तारखा चुकणार

यहुदी महिने चंद्रावर चालतात. बारा चांद्र महिन्यांचे साधारण 354 दिवस होतात, मग सण हळूहळू ऋतूबाहेर सरकले असते, म्हणून 19 वर्षांत 7 वेळा अधिक महिना घालतात, तो अदार महिन्यापाशी येतो. त्यामुळे वल्हांडण कायम वसंतातच पडतं, इंग्रजी तारखेनं मार्च-एप्रिलमध्ये. दिवस सूर्यास्तापासून मोजतात, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात "संध्याकाळ झाली, सकाळ झाली" असा क्रम आहे तसा, म्हणून कॅलेंडरवर सणाची जी तारीख छापलेली दिसते त्याच्या आदल्या संध्याकाळी सण सुरू झालेला असतो. ही चूक सगळ्यात जास्त होते. शिवाय इस्राएलमध्ये वल्हांडण 7 दिवस आणि बाहेरच्या बऱ्याच यहुदी समाजांत 8 दिवस, त्यामुळे दोन ठिकाणची माहिती जुळली नाही तर गोंधळू नका.

ईस्टरचं गणितही चंद्राशी जोडलेलं आहे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार असा तो धरतात, ही पौर्णिमा चर्चच्या गणितातली असते. सगळ्यांनी एकाच रविवारी पाळायचं हे इ.स. 325 च्या निकियाच्या परिषदेत ठरलं, पण ऑर्थोडॉक्स मंडळ्या बहुतेक जुन्या ज्युलियन पंचांगानं मोजतात म्हणून त्यांचा ईस्टर बऱ्याच वर्षी वेगळ्या तारखेला असतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्हीकडच्या तारखा दोन रंगांनी मांडा. तेवढं झालं की ही पायरी संपली.

पायरी 4: वल्हांडण, इथं मात्र वेळ द्या

निर्गम 12 ते 15 एका बैठकीत वाचा. मग सेदेर म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीचं जेवण कसं चालतं ते समजून घ्या, कारण आभार शिकायची यापेक्षा चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

टेबलावर बेखमीर भाकर असते, गुलामीचा कडवटपणा आठवायला कडू भाजी असते, अश्रूंची आठवण म्हणून मिठाचं पाणी, आणि फळं-सुकामेवा कुटून केलेलं गोड मिश्रण, हरोसेत, ते विटांच्या चिखलासारखं दिसतं म्हणून. द्राक्षरसाचे चार पेले ठरलेल्या वेळी पितात. घरातलं सगळ्यात लहान मूल विचारतं, ही रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का? आणि उत्तर म्हणून गोष्ट सांगतात. कुठून सांगतात माहितीये का, त्या टोपलीवाल्या उताऱ्यावरूनच! अनुवाद 26 मधलं शेतकऱ्याचं बोलणं ओळीओळीनं उलगडत हगादा, म्हणजे त्या रात्रीचं पुस्तक, पुढे जातं. टोपली नेण्यासाठी आज यरुशलेमचं मंदिर नाही पण शब्द राहिले.

हगादात मोशेचं, म्हणजे लोकांना मिसरातून बाहेर नेणाऱ्या पुढाऱ्याचं, नाव जवळजवळ येतच नाही, ओझरतं कुठंतरी येतं तेवढंच. निर्गमाची गोष्ट आणि मोशे नाही! उपकार कुणाचे हे विसरू नये म्हणूनच असावं असं मला वाटतं. आणि प्रत्येक पिढीतल्या माणसानं आपण स्वतः मिसरातून निघालोय असं स्वतःकडे बघायचं, हा मिश्नामधला, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहातला, नियम तिथं म्हटला जातो. परत तेच, "तो" वरून "मी" वर.

मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना पेल्यातले थेंब बाहेर काढतात. याचा अर्थ बरेच जण असा सांगतात की आपली सुटका झाली तेव्हा दुसरी माणसं मेली, म्हणून आनंदाचा पेला काठोकाठ भरलेला राहू नये. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते कारण पुष्कळदा आपल्या साक्षीमध्ये, म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते मंडळीत सांगताना, "माझं झालं, त्याचं बुडालं" असा सूर नकळत लागतो.

मग येतं दाय्येनू हे गाणं. त्यात उपकार एकेक करून मोजतात आणि प्रत्येकानंतर म्हणतात, एवढंच केलं असतं तरी आम्हाला पुरलं असतं. मिसरातून काढलं असतं आणि मिसरी लोकांचा न्याय केला नसता तरी पुरलं असतं, समुद्र दुभागला असता आणि कोरड्या जमिनीवरून नेलं नसतं तरी पुरलं असतं... आता तर्कानं बघाल तर समुद्र दुभागून मध्येच सोडलं असतं तर काय पुरलं असतं, सगळे बुडाले असते! पण गाण्याचा मुद्दा तो नाहीये, प्रत्येक टप्प्यावर थांबून त्या टप्प्याचे वेगळे आभार मानायचे एवढाच आहे. आपण नेहमी शेवटचा रिझल्ट लागला की एकदाच आभार मानतो आणि मधले सगळे टप्पे गिळून टाकतो.

तुमचा अभ्यास असा. आयुष्यातली एक पूर्ण झालेली गोष्ट घ्या, आजारातून उठणं, व्यसन सुटणं, तुटलेलं नातं जुळणं, काहीही. तिचे आठ-दहा टप्पे पाडा आणि प्रत्येकानंतर "एवढंच झालं असतं तरी पुरलं असतं" लिहा. काही ठिकाणी हात अडेल, वाटेल की नाही, एवढ्यावर नसतं भागलं. तिथं खोटं लिहू नका, प्रश्नचिन्ह टाकून ठेवा, पुढच्या वर्षी परत बघा.

ख्रिस्ती असाल तर एवढं लक्षात ठेवा की येशूनं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण वल्हांडणाच्या दिवसांत घेतलं, आणि जेवल्यावर ते गीत गाऊन बाहेर पडले असं मत्तय 26:30 सांगतो. वल्हांडणाला स्तोत्र 113 ते 118 गातात, त्यांना हल्लेल म्हणतात, त्यामुळे ते गीत यातलंच असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, रात्री ही सहा स्तोत्रं सलग वाचा. 118 पर्यंत आलात आणि पुढे काय होणार आहे हे माहीत असताना "परमेश्वराचे आभार माना" ही ओळ वाचली की मग बोला.

पायरी 5: पन्नास दिवस मोजा

वल्हांडणाच्या शब्बाथानंतर सात आठवडे मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी सण, असं लेवीय 23 सांगतं. यहुदी लोक रोज रात्री आशीर्वाद म्हणून आजचा कितवा दिवस ते मोठ्यानं मोजतात, 49 पर्यंत. पन्नासावा दिवस म्हणजे शाबुओत, गहू हाती येण्याचा सण आणि सीनाय डोंगरावर नियमशास्त्र मिळाल्याची आठवण, त्या रात्री जागून अभ्यास करायची आणि रूथचं पुस्तक वाचायची पद्धत आहे. ख्रिस्ती लोकांचा पेन्टेकॉस्ट याच दिवशीचा, प्रेषितांची कृत्ये 2 मध्ये पवित्र आत्मा उतरला तो हाच सण, आणि मंडळ्या आता ईस्टरपासून पन्नासावा दिवस धरतात.

नवीन माणसानं रोज एक ओळ लिहावी, तारीख आणि एक उपकार. अधेमधे राहून जाईल, राहू द्या, जिथून आठवेल तिथून पुढे. आणि या सणाच्या नियमाला चिकटून 22 वी ओवी आहे ती वगळू नका, शेताच्या कडा कापू नको, त्या गरिबाला आणि परक्याला सोड. रूथ ही परकी विधवा अशाच सोडलेल्या कणसांवर जगली. तुमच्या पगारातली कड कुठली ते याच दिवसांत ठरवून टाका.

पायरी 6: सातवा महिना

यात तीन सण आहेत. पहिल्या दिवशी शिंग फुंकायचा सण, दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा दिवस, पंधराव्यापासून मंडपांचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी जवळजवळ 25 तास उपास असतो, आणि त्याआधी ज्या माणसाचं वाईट केलं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची असते, कारण माणसाचा गुन्हा देवाकडे परस्पर मिटत नाही. मत्तय 5:23-24 मध्ये येशू तेच म्हणतो, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर. आभाराच्या सणाआधी हा दिवस ठेवलाय हे मला पटतं.

मंडपांचा सण म्हणजे सुक्कोत. पीक घरात आलंय, कोठारं भरलीत, आणि नेमकं तेव्हाच पक्कं घर सोडून सात दिवस झोपडीत राहायचं किंवा निदान जेवायचं. छप्पर कापलेल्या फांद्यांचं, उन्हापेक्षा सावली जास्त हवी पण पाऊस आत येईल एवढं विरळ, रात्री चांदण्या दिसाव्यात अशी रीत. कारण लेवीय 23:43 मध्ये दिलंय, मिसरातून काढल्यावर मी तुम्हाला मांडवांत राहायला लावलं हे तुमच्या पुढच्या पिढ्यांना कळावं. खजुराचा झाप, मेंदीसारख्या दिसणाऱ्या मर्टलच्या फांद्या, वाळुंजाच्या फांद्या आणि एत्रोग नावाचं महाळुंगाच्या जातीचं फळ हातात धरून हलवतात आणि हल्लेल गातात. या सणाला "आमच्या आनंदाचा काळ" म्हणतात, आणि अनुवाद 16 मध्ये आनंद कर अशी चक्क आज्ञा आहे, सोबत यादी, मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, अनाथ, विधवा. गंमत म्हणजे याच सणात उपदेशक हे पुस्तक वाचतात, "व्यर्थ, सगळंच व्यर्थ" वालं! भरल्या कोठाराशेजारी बसून ते वाचणं यात काहीतरी शहाणपण आहे.

तुम्हाला मंडप बांधायची गरज नाही. त्या आठवड्यात एक रात्र घराबाहेर उघड्यावर जेवा, योहान 7 वाचा, तिथं याच सणाच्या शेवटच्या मोठ्या दिवशी येशू उभा राहून ओरडतो की कुणी तहानलेला असेल तर त्यानं माझ्याकडे यावं. मंदिरात या सणाच्या दिवसांत शिलोहाच्या तळ्यातून पाणी आणून वेदीपाशी ओतत असत हे माहीत असलं की ती हाक कानात वेगळीच वाजते. आणि नसली तरी चालेल अशी एक वस्तू सात दिवस वापरायची नाही असं ठरवा, आठव्या दिवशी ती परत हातात घेताना आभार आपोआप निघतात.

हनुक्का आणि पुरीम हे दोन सण मोशेच्या नियमशास्त्रात नाहीत, नंतरचे आहेत. हनुक्कात इ.स.पू. दुसऱ्या शतकात मंदिर परत शुद्ध करून अर्पण केल्याची आठवण, आठ रात्री रोज एक दिवा वाढवत जायचा, आणि योहान 10:22 मध्ये येशू या सणाला मंदिरात फिरताना दिसतो. पुरीमला एस्तेरचं पुस्तक वाचतात, ओळखीच्यांना खाण्याच्या वस्तू आणि गरिबांना दान देतात. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव कुठंच नाही, म्हणून ज्यांना "माझ्या आयुष्यात देव कुठं दिसलाच नाही" असं वाटतं त्यांनी इथून सुरू केलं तरी हरकत नाही.

पायरी 7: रविवारच्या उपासनेत बसायचं कसं

साधारण इ.स. 150 च्या सुमारास जस्टिन मार्टर नावाच्या ख्रिस्ती लेखकानं रविवारी काय चालतं ते लिहून ठेवलंय. सगळे एकत्र जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचतात, पुढारी बोलतो, उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षरस आणतात, पुढारी जमेल तितके आभार मानतो आणि लोक आमेन म्हणतात, जे आले नाहीत त्यांना घरी पोचवतात, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांची सोय होते. आजची कॅथलिक मिस्सा असो की गिटारवाली उपासना, सांगाडा बराचसा हाच आहे. वाचन, आभार, भाकर, वाटणं. टोपली परत दिसली ना?

नवीन माणसानं घरून निघायच्या आधी वही उघडून त्या आठवड्याची एक ओळ डोक्यात घेऊन जावं. गाणी चालू असताना सूर लागतोय का याकडे लक्ष देऊ नका, शब्द बघा, देवानं काय केलं ते सांगणारं गाणं आहे की फक्त मला कसं वाटतंय ते सांगणारं. दोन्ही लागतात, पण पहिलं नसेल तर दुसरं लवकर सुकतं हे माझं मत. मतांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो याची ठरलेली कबुली, म्हणतात तेव्हा ऐका, त्यात पंतय पिलात या रोमी अधिकाऱ्याचं नाव येतं. एवढ्या पवित्र कबुलीत त्या माणसाचं काय काम? तर हे घडलं, अमक्याच्या कारकिर्दीत घडलं, एवढं पक्कं करायला. आठवणीला तारीख लागते.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी येशूचे शब्द ऐकू येतील, माझ्या स्मरणार्थ हे करा. त्याआधी 1 करिंथ 11 पूर्ण वाचून ठेवा, फक्त 23 ते 26 नको. तिथं पौल चिडलाय, कारण करिंथच्या मंडळीत काही जण आधीच पोटभर खाऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, आणि पौल म्हणतो हे प्रभूचं भोजन नव्हेच.

कोण भाग घेऊ शकतं याचे नियम वेगवेगळे आहेत. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळीत साधारणपणे त्यांचे सदस्यच घेतात, बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्यांना बोलावतात, काही ठिकाणी विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला. आधी पास्टर किंवा फादरना विचारा, लाजायचं काही कारण नाही. नाही घेता आलं तर जागेवर बसून स्तोत्र 116 वाचा, त्यात तारणाचा पेला उचलण्याची ओळ आहे.

पायरी 8: रोजचं, अगदी थोडं

यहुदी माणूस डोळे उघडल्यावर अंथरुणातच एक छोटी प्रार्थना म्हणतो, जिवंत आणि सनातन राजा, तू माझा जीव मला परत दिलास, तुझे आभार. त्यात देवाचं नाव मुद्दाम येत नाही, कारण अजून हात धुतलेले नसतात. ही एक ओळ कुणीही उचलावी, फोन हातात घ्यायच्या आधी.

जेवणाआधी प्रार्थना आपण करतो, जेवणानंतर कोण करतं? अनुवाद 8:10 मध्ये क्रम असा आहे की खाऊन तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद कर. यहुदी घरांत मोठी प्रार्थना जेवणानंतरचीच असते. भूक लागलेली असताना आभार मानणं सोपं आहे, पोट भरल्यावर दोन मिनिटं थांबून बघा.

आठवड्यातून एकदा स्तोत्र 136. त्यात 26 ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीत दयेचं तेच धृपद, एकानं पहिला भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी धृपद. सृष्टी, मिसर, रान, राजे अशी मोठी मोठी कामं सांगत शेवटाला येतं तो सर्व प्राण्यांना अन्न देतो, म्हणजे समुद्र दुभागणं आणि आजचं जेवण एकाच यादीत! वहीतल्या ओळी घेऊन स्वतःचं 136 लिहा, ग्रुपमध्ये म्हणायला तर फारच छान जातं.

आणि मोठ्या संकटातून सुटलात तर एकट्यानं आभार मानू नका. लेवीय 7 मध्ये आभाराच्या अर्पणाचा नियम आहे की मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. एका घराला ते एका दिवसात संपणार कसं, माणसं बोलवावीच लागणार. स्तोत्र 107 मध्ये रानात वाट चुकलेले, कैदेत पडलेले, आजारी आणि समुद्रात सापडलेले असे चार प्रकारचे लोक आहेत, त्यावरून यहुदी लोकांत अशी रीत पडली की यातून वाचलेल्यानं सभास्थानात, म्हणजे यहुदी प्रार्थनाघरात, दहा जणांसमोर उभं राहून आशीर्वाद म्हणायचा. ख्रिस्ती मंडळीत याला साक्ष देणं म्हणतात. साक्ष देताना पाच मिनिटांत आटपा आणि निम्मी गोष्ट स्वतःच्या हुशारीची होत नाहीये ना ते बघा.

आभार येतच नसतील तेव्हा

असे दिवस येतात, जवळचं माणूस गेलेलं असतं, नोकरी गेलेली असते, आणि कुणीतरी येऊन "सर्व गोष्टींत उपकारस्तुती करा" ऐकवून जातं. 1 थेस्सल 5:18 मध्ये ते आहे खरं, पण त्याच बायबलमध्ये स्तोत्र 88 पण आहे जे अंधारातच संपतं, पुढे गोड शेवट नाही. सेदेरच्या टेबलावर कडू भाजी खावीच लागते, ती बाजूला काढून ठेवता येत नाही. त्यामुळे टोपलीवाल्या शेतकऱ्याच्या बोलण्यातलं "आम्ही परमेश्वराला हाक मारली", तिथंच थांबलात तरी चालेल. स्तोत्र 13 किंवा हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचा, अंजिराला फुलं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत असं सगळं नाव घेऊन मोजून मग तो माणूस म्हणतो, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मोजणं आधी आहे.

सणाला पाहुणे म्हणून जाताना

हे शेवटी सांगतोय पण ख्रिस्ती वाचकांनी नीट वाचा. हे सण यहुदी लोकांचे आहेत, आजही जिवंत आहेत, आपल्या धड्यासाठी ठेवलेलं प्रदर्शन नाही. आजच्या सेदेरचा बराचसा आकार इ.स. 70 मध्ये मंदिर पडल्यानंतर घडत गेला, म्हणून "येशूनं हुबेहूब असंच केलं" म्हणत चर्चच्या हॉलमध्ये सेदेरचं नाटक करणं इतिहासालाही धरून नाही आणि पुष्कळ यहुदी लोकांना ते खुपतं. मध्ययुगात युरोपात वल्हांडणाच्या दिवसांत यहुद्यांवर खोटे आरोप करून त्यांचे जीव घेतले गेले, ते करणारे ख्रिस्तीच होते, तेव्हा थोडं भान हवं. वाचा, शिका, बोलावलं तर आनंदानं जा, आणि आपली आठवण आपल्या प्रभुभोजनात करा.

सभास्थानात जायचं तर आधी कळवा, सुरक्षेमुळे बऱ्याच ठिकाणी अनोळखी माणसाला एकदम आत सोडत नाहीत. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी बहुधा दारातच मिळते. शब्बाथाला आणि सणाच्या दिवशी फोन, फोटो, लिहिणं, पैसे काढणं यातलं काही आवारात नको. घरी जेवायला बोलावलं असेल तर कोशेरचे, म्हणजे यहुदी खाण्यापिण्याचे, नियम असतात म्हणून स्वतः काही शिजवून नेऊ नका, काय आणू ते विचारा, आणि फुलं द्यायची असतील तर शब्बाथ लागायच्या आधी, शुक्रवारी दुपारीच पोचवा.